वेन शी-शानचा उजवा हात

वेन शी-शानला बायको मिळाली ती तांब्याच्या तारेमुळे. शूलिनला ताहान नदीच्या पुलाखाली पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा आपल्या दोन मुलींना हाताशी घेऊन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्यायचा धंदा करायचा. वेन तेव्हा वेल्डिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत नुकताच डिझायनर म्हणून लागला होता. त्याला अंगठ्याच्या नखाएवढ्या काळ्या रिंगा लागायच्या. त्यांवर केसासारख्या बारीक तारेचे शंभर वेढे हवेत, ते एकसारखे हवेत आणि एकही दुसऱ्यावर चढलेला नको.

थोरली पाओ-चू त्याचा नमुना चिमटीत धरून विचारायची, "हे मशीनला लावायचंय की कुणाच्या कानात घालायचंय?"

"मशीनला."

"मग मशीनचं लग्न आहे वाटतं."

धाकटी युए-ली काही बोलायची नाही. त्याने नापसंत केलेली रिंग ती उसवायची आणि पुन्हा गुंडाळून द्यायची. असं वर्ष दीड वर्ष चाललं. मग एकदा म्हाताराच म्हणाला, "तू रिंगा न्यायला येतोस की पोरीला बघायला, ते एकदाचं सांगून टाक. माझा चहा फुकट चाललाय." वेनने मान खाली घालून सांगून टाकलं.

लग्न झालं. मूल झालं नाही. सासरा गेल्यावर शेड पाओ-चूने चालवायला घेतली आणि लग्नाच्या भानगडीत ती पडलीच नाही. तारेची रिळं, चार बायका आणि एक खोकणारा रेडिओ, एवढा तिचा संसार. वेनच्या कंपनीला लागणाऱ्या सगळ्या रिंगा तिच्याकडूनच यायच्या. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी जातात, तेव्हा युए-ली नवऱ्याला घेऊन पुलाखालच्या त्या शेडमध्ये जायची. मागच्या खोलीत पाओ-चू कोंबडी शिजवून ठेवायची आणि वेनच्या वाडग्यात तंगडी टाकून म्हणायची, "खा. तुझ्या रिंगा गुंडाळून माझे डोळे गेले, पण तू खा."

वेनचं काम बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड नव्हतं, फक्त कुणी विचारत नसे. वेल्डिंग मशीनच्या पोटात करंट बेफाम वाहतो. किती वाहतोय हे बोर्डावरच्या लहानशा कंट्रोलरला क्षणाक्षणाला कळायला हवं, पण त्या करंटला थेट हात लावला तर कंट्रोलर जळून जाईल. म्हणून मोठ्या करंटची जाड पट्टी रिंगेच्या पोटातून एकदाच न्यायची. रिंगेवरच्या शंभर वेढ्यांत त्याचा शंभरावा हिस्सा उमटतो. तो एका रेझिस्टरमधून सोडला की कंट्रोलरला वाचता येईल एवढा इशारा मिळतो. इशारा ठरल्या हद्दीबाहेर गेला की कंट्रोलर सगळं बंद करतो. मात्र दर झटक्यानंतर रिंगेला थोडी उसंत मिळावी लागते. ती मिळाली नाही तर रिंग भरून जाते, आंधळी होते, आणि करंट वाढत असला तरी कंट्रोलरला सगळं शांत दिसतं.

त्या उसंतीसाठी वेन जीव टाकायचा. रेझिस्टर रिंगेजवळ ठेवायचा की कंट्रोलरजवळ, परतीची पट्टी कुठून वळवायची, जाड तांब्यापासून किती लांब ठेवायची, यावर तो दिवसचे दिवस घालवायचा. ऑफिसातली पोरं त्याला मागून 'दोन मिलिमीटर' म्हणत. तो बोर्ड पुढे सरकवून "अजून दोन मिलिमीटर" एवढंच म्हणायचा, आणि पोरांची आठवड्याची मेहनत पाण्यात जायची. पण काऊश्युंगच्या जहाजाच्या गोदीत त्याची मशीनं वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत चालली, आणि रिंग आंधळी झाली म्हणून एकही परत आलं नाही.

हात पहिल्यांदा थरथरला तो माशाच्या गोळ्यांचं सूप पिताना. चमच्यातलं सूप वाडग्यात परत सांडलं. युए-लीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढे सही वेडीवाकडी यायला लागली. शर्टाची बटणं लागेनात. लिंकोच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने त्याला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि पार्किन्सन म्हणून सांगितलं. गोळ्या आहेत, म्हणाला. गोळ्यांनी बरीच वर्षं निभतं.

परत येताना बसमध्ये युए-ली म्हणाली, "ऑफिसात कुणाला बोलू नकोस."

"एक ना एक दिवस कळेलच."

"कळेल तेव्हा कळेल. तुझं काम डोक्याचं आहे, हाताचं नाही. साठी होऊ दे, सन्मानाने निवृत्त हो. आजारी माणूस म्हणून तुला आधीच काढलं तर घरात बसून काय करशील? माझं तोंड बघशील?"

"ताईला तरी सांगू."

"ताईला सांगितलं की शूलिनभर होतं."

त्याला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. गोळ्या तो खिशात सुट्या ठेवायचा आणि पाणी प्यायच्या निमित्ताने गिळायचा. मीटिंगमध्ये उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा. प्रश्न टेस्टिंगचा होता. नवा बोर्ड चालू करून, करंटची रेघ दाखवणाऱ्या स्कोपचा प्रोब, म्हणजे तारेला जोडलेली टोकदार सळई, नेमक्या जागी धरावा लागतो, आणि प्रोबची अर्थिंगची क्लिप एखाद्या पार्टच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पायाला लावावी लागते. वेनने हे काम आयुष्यभर स्वतः केलं होतं. आता ते हुई-लान करायला लागली.

चुआंग हुई-लान टेस्टिंगची टेक्निशियन. नवरा सोडून गेलेली, पदरात शाळकरी मुलगी, आणि तोंडाने फटकळ. तिने वेनला कधी काही विचारलं नाही. एक दिवस त्याच्या हातातला प्रोब काढून घेतला आणि म्हणाली, "वेनदादा, तुम्ही आकडे बघा. तुमच्या मानेची सावली पडते, मला दिसत नाही." तिथे सावली पडण्यासारखा दिवाच नव्हता. तेव्हापासून प्रोब तिने धरायचा आणि आकडे वेनने सांगायचे, असं न ठरवता ठरलं.

नव्या वर्षाची सुट्टी संपली आणि गोदीसाठीच्या मोठ्या मशीनचा बोर्ड टेस्टिंगला आला. मॅनेजर हुंग उतावीळ झाला होता. हा हुंग वेनपेक्षा वयाने लहान, धंद्याच्या बाजूने आलेला, माणूस म्हणून वाईट नाही. गिऱ्हाइकांना त्याने तारीख देऊन ठेवली होती. त्या दुपारी तो दोन पाहुण्यांना घेऊन टेस्टिंगच्या खोलीत आला आणि अभिमानाने म्हणाला, "हे आमचे वेनदादा. यांच्या हातचा बोर्ड कधी परत आला नाही."

हुई-लानने सवयीने प्रोब उचलला. वेन म्हणाला, "आण इकडे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी धरते की."

"आण म्हणतो ना."

का म्हणाला, ते त्याला नंतर पुष्कळदा आठवावं लागलं. पाहुणे बघत होते. 'यांच्या हातचा' असं हुंग आत्ताच म्हणून गेला होता. बोर्डासमोर उडालेले तुकडे अडवायला जाड ॲक्रिलिकचा पडदा असायचा; त्याच्या भोकातून हात घातला तर कोपर टेकायला जागा राहत नव्हती. कोपर टेकलं की हात जरा स्थिर राहायचा. त्याने पडदा बाजूला सरकवला. कुणी हटकलं नाही. वेनदादांना कोण हटकणार?

एवढ्यात फोन आला म्हणून पाहुणे हुंगबरोबर बाहेर गेले. वेनला तेव्हा प्रोब परत देता आला असता. त्याने दिला नाही. मशीन चालू होतं, स्कोपवरची रेघ सुरेख येत होती, त्याने मनात बांधली होती अगदी तशी. तो क्लिप हलवून शेजारच्या पायावर घ्यायला गेला आणि हाताने दगा दिला. क्लिप घसरून रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर आडवी पडली. रिंग आपलं काम करत होती, पण तिचा इशारा क्लिपमध्येच जिरला. कंट्रोलरला वाटलं करंटच नाही, आणि त्याने अजून सोडला, अजून सोडला. हुई-लानला क्लिप घसरताना दिसली. ती त्याचा हात बाजूला सारायला पुढे वाकली. तेवढ्यात ट्रान्झिस्टर फुटला.

आवाज फार मोठा नव्हता. बाहेर हुंगला वाटलं, कुणी फळी पाडली.

हुई-लान जमिनीवर बसली होती आणि डाव्या डोळ्यावर तळवा दाबून शांतपणे म्हणत होती, "मेन बंद करा, वेनदादा. आधी मेन बंद करा."

डोळा वाचला नाही. वेन रात्र होईपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता. तिची मुलगी शाळेच्या कपड्यात आली आणि त्याच्या शेजारी बसली, कारण तिथे ओळखीचा तोच होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाईपर्यंत निष्कर्ष निघाला होता. जळालेल्या बोर्डावर रिंगेचा कोळसा झाला होता. करंट बेफाम वाढला आणि कंट्रोलरने रोखलं नाही. म्हणजे रिंग आंधळी झाली. म्हणजे रिंग खराब होती, वेढे कमी पडले असतील किंवा माल हलका असेल. हुंगने हे सगळं मांडलं आणि सहानुभूतीने वेनकडे पाहिलं.

वेन त्याच्यामागोमाग केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. "हुंगसाहेब, रिंग चांगली होती. माझा हात थरथरला. क्लिप माझ्याकडून पडली. पडदाही मीच काढला."

हुंग खुर्चीत बसला. मग म्हणाला, "पाओ-चूबाई तुमच्या मेहुणी लागतात ना?"

"त्याचा काय संबंध?"

"मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो."

वेनने उजवा हात टेबलावर ठेवला. सकाळची गोळी त्याने मुद्दाम घेतली नव्हती. हात टेबलावर टकटक करत राहिला, चहाच्या कपाचं झाकण वाजत राहिलं. हुंग त्या हाताकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं."

"वेनदादा, हे खाली ठेवा. हात खाली ठेवा आधी." त्याने आवाज उतरवला. "आजारी माणसाला आम्ही जिवंत मशीनवर काम करू दिलं, दोन वर्षं, आणि त्यात एका बाईचा डोळा गेला. हे तुम्ही मला सांगितलंत आणि मी ऐकलं, तर कंपनी उरेल का? हुई-लानचा दवाखाना कोण बघेल मग? तुम्ही?"

"त्याच मालातल्या रिंगांचे बोर्ड अजून आहेत. लावून बघा. रिंग खराब असेल तर दिसेल."

हे हुंगला नाकारता आलं नाही. दोन पोरांनी बोर्ड लावले, करंट हद्दीबाहेर नेला. प्रत्येक बोर्ड जिथल्या तिथे बंद झाला. एकही रिंग आंधळी झाली नाही. वेन मागे खुर्चीवर बसून बघत होता. हुंगने शेवटपर्यंत उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. म्हणजे तेवढी एकच खराब होती."

हुई-लानकडे वेन फळं घेऊन गेला तेव्हा ती खाटेवर बसून मुलीच्या गणिताच्या वहीत एका डोळ्याने बघत होती. त्याने माफी मागायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, "बसा आधी. आणि ऐका. माझ्याकडेही विचारायला आले होते. मी सांगितलं, पार्ट फुटला, मला बाकी काही दिसलं नाही."

"तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं. मग पुढचा प्रश्न काय येईल? 'यांचा हात थरथरतो हे तुला ठाऊक होतं का?' होतं. 'मग बोलली का नाहीस?' का नाही बोलले मी? तुमच्यावर माया म्हणून. ते कागदावर कसं लिहायचं?" तिने वही मिटली. "मला आता एकच डोळा आहे, वेनदादा. मला ही नोकरी लागते. पाओ-चूबाईंना मी ओळखत नाही. ओळख असती तर कदाचित वेगळं बोलले असते. कदाचित नसतेही."

तो उठला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी मला प्रोब द्यायला हवा होतात." रागाने नाही, नुसतं सांगितलं. तेवढंच ती त्याविषयी कधी बोलली.

वेनला प्रकृतीच्या कारणाने निवृत्त केलं गेलं. जेवण झालं, भाषणं झाली, त्याच्या नावाची काचेची पाटी मिळाली. पाओ-चूला एक फोन आला, माल घेणं बंद केल्याचा. कारण तिला फोनवर कुणी सांगितलं नाही, पण शूलिनमध्ये सांगावं लागत नाही. आठवडाभरात बाकीच्या गिऱ्हाइकांनीही ऑर्डरी लांबवल्या. पुलाखालच्या बाईच्या रिंगेने कुणाचा तरी डोळा गेला, एवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

वेन आणि युए-ली शेडमध्ये गेले. पाओ-चू एका रिंगेचे वेढे भिंगाखाली मोजत होती. समोर उसवलेल्या रिंगांचा ढीग होता. त्याच मालातल्या उरलेल्या रिंगा ती एकेक उसवून मोजून बघत होती.

"शी-शान, मला सापडत नाही," ती मान वर न करता म्हणाली. "सगळ्या बरोबर आहेत. कुठे चुकले असेन मी? तार बदलली तेव्हा?"

वेनने तिला सगळं सांगितलं. हात दाखवला. दोन वर्षांचं सांगितलं, हुंगचं सांगितलं, हुई-लानचं सांगितलं.

पाओ-चूने भिंग बाजूला ठेवलं. "हुंगला कधी सांगितलंस?"

"दुसऱ्याच दिवशी."

"बरं केलंस." मग ती बहिणीकडे वळली. "आणि तू? नव्या वर्षाला इथे बसून जेवलीस. याचा हात मांडीखाली आहे हे तुला ठाऊक होतं, आणि मी कोंबडी वाढत होते."

"ताई, मला वाटलं, साठी होईपर्यंत..."

"मला सांगितलं असतंस तर मी त्याच्या हातावर फटका मारून प्रोब काढून घेतला असता. मी काय शूलिनभर ओरडत फिरले असते? तुला माझ्याबद्दल एवढंच वाटतं." युए-ली रडायला लागली, तशी पाओ-चू उठून मागच्या खोलीत गेली आणि ते दोघं निघेपर्यंत बाहेर आली नाही.

पण दोन दिवसांनी तिचा वेनला फोन आला. "स्कूटर घेऊन येते. खाली उतर. जुन्या गिऱ्हाइकांकडे जायचंय. तू बोलायचं, मी नाही."

ती स्कूटर चालवायची, तो मागे बसायचा. त्याला आता चालवता येत नव्हती. शिनच्वांगला, पानछाओला, तिथल्या कारखान्यांत. ज्या हाताला तो दोन वर्षं मांडीखाली कोंडत आला होता, तोच आता परक्या माणसांपुढे टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे बघा. रिंग नव्हती, हे होतं." माणसं चहा द्यायची. काही जण नजर दुसरीकडे वळवायचे. एका मालकाने आदराने त्याला दारापर्यंत पोचवलं आणि बजावलं, "वेनसाहेब, तब्येतीला जपा. मेहुणीसाठी एवढं करणारे हल्ली कुठे आहेत." वेन बोलला ते खरं धरलं गेलं नाही, नात्याची माया धरली गेली. एकाने मात्र, चार्जर बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याने, हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या भावाला होतं हे." त्याने आपली छोटी ऑर्डर चालू ठेवली.

त्या एका ऑर्डरीवर चार बायकांचं पोट चालत नाही. उन्हाळा लागेपर्यंत पाओ-चूने दोघींना दुसरीकडे लावून दिलं, मग तिसरीला. गुंडाळायची मशीनं भंगारवाला घेऊन गेला. ती स्वतः स्टेशनमागच्या एका डब्याच्या खानावळीत भाज्या चिरायला जाऊ लागली. कंपनीने पुढच्या सगळ्या मशीनांत रिंगेऐवजी करंट मोजणारी तयार चिप बसवली. हुई-लानला स्टोअरमध्ये घेतलं. ती रस्त्यात भेटली तर वेनशी थांबून बोलायची, मुलीचे मार्क सांगायची.

वेनचं दुखणं डॉक्टरने सांगितलं होतं त्यापेक्षा भरभर वाढलं. डावा हातही गेला. युए-ली त्याला भरवायची. तिचं बोलणं फार कमी झालं होतं. पाओ-चू वेनला फोन करायची, त्याच्याशी बोलायची, गोळ्यांची चौकशी करायची. फोन युए-लीने उचलला तर म्हणायची, "शी-शानला दे." पुढच्या नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी युए-लीने सकाळी चांगले कपडे घातले, थोडा वेळ खुर्चीत बसली आणि पुन्हा घरचे कपडे घालून भात लावला.

छिंगमिंगला, थडगी साफ करायच्या सणाला, मात्र आईवडिलांच्या थडग्यावर दोघींना जावंच लागलं. टेकडीवर ऊन होतं. पाओ-चू आधीच येऊन एका बाजूचं गवत काढत होती. युए-लीने दुसरी बाजू धरली. वेनला त्यांनी पायरीवर बसवलं होतं. बहिणी पाठीला पाठ करून गवत उपटत राहिल्या, उदबत्त्या लावल्या, पिवळे कागद दगडांखाली दाबले. एकमेकींकडे पाहिलं नाही. वेनला वाटलं, आपण काही बोलावं. पण आता त्याचा आवाजही बारीक झाला होता. वाऱ्यात तो त्या दोघींपर्यंत पोचला नसता.

सगळं आटोपल्यावर पाओ-चूने हात पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मानेवर घाम आला होता.

"त्याला उन्हात का बसवलंस?" ती म्हणाली.

फोनवरचं "शी-शानला दे" सोडलं तर वर्षभरात ती बहिणीशी बोलली ते हे पहिलंच वाक्य. युए-ली उठली, एका बाजूने तिने नवऱ्याला धरलं, दुसऱ्या बाजूने पाओ-चूने, आणि त्याला चालवत दोघी टेकडी उतरल्या. खाली रस्त्यावर आल्यावर पाओ-चूने स्कूटर चालू केली आणि खानावळीच्या पाळीला उशीर होतोय म्हणून निघून गेली.